गाडीच्या चाकांतील हवा आणि तिचा हिशेब



स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाने आज्ञा केली, तेव्हा धान्याच्या भावाविषयी किंवा बाजारपेठेच्या स्थितीविषयी मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर लिहिणारे माझ्याहून अधिकारी पुरुष आपल्या संघात आहेत. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. आपल्या प्रत्येकाच्या दारात आज मोटार उभी आहे, बहुतेकांच्या वखारीपुढे मालाचा टेंपो आहे. आणि त्या वाहनाच्या चाकांत हवा किती आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांस देता येईल. मलाही देता येत नव्हते. ते न आल्याची किंमत माझ्या घराने मोजली, म्हणून हा लेख. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे, तंत्रज्ञ नव्हे. जे वाचून, विचारून आणि स्वतः मोजून समजले, तेवढेच येथे मांडतो.

१. एक प्रसंग

२०१८ च्या मे महिन्यातील गोष्ट. कोल्हापुरास नात्यातील लग्न होते. आम्ही मोठी पाच माणसे, दोन नातवंडे आणि ड्रायव्हर असे बेळगावाहून निघालो. मागे कपड्यांच्या बॅगा, आहेराची भांडी, आणि वधूपक्षाच्या घरी द्यावयाचे बेळगाव बासमती तांदळाचे पंचवीस-पंचवीस किलोंचे दोन कट्टे. ते कट्टे मी स्वतः काट्यावर चढवून पाहिले होते. ग्रॅमाचीही चूक होऊ दिली नव्हती.

निघण्याच्या चार दिवस आधी ड्रायव्हर म्हणाला होता, “अण्णा, मागचं डावं चाक जरा बसल्यागत वाटतंय.” मी वहीत डोके घालून बसलो होतो. “लग्नाहून आल्यावर पाहू,” एवढेच उत्तर मी दिले. त्यानेही पुन्हा विषय काढला नाही.

संकेश्वर मागे पडले. दुपारचे दोन वाजले असतील. गाडी ऐंशीच्या वेगाने चालली होती. एकाएकी बंदुकीसारखा आवाज झाला, गाडीचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला, आणि आम्ही रस्ता सोडून कडेच्या चरात जाऊन थांबलो. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय न मारता सुकाणू घट्ट धरून ठेवले, म्हणून गाडी उलटली नाही. माझ्या पत्नीचे उजवे मनगट मोडले. धाकट्या नातवाच्या कपाळास सहा टाके पडले.

जवळच्या टायरवाल्याने फुटलेला टायर तर पाहिलाच. पण शहाणपणा असा केला, की मागचा उजवा, न फुटलेला टायरही गेज लावून पाहिला. चाक अजून गरम होते, तरी काटा २४ पौंडांवर होता. गाडीच्या दारावरील पत्रिकेत पूर्ण भारासाठी मागील चाकांचा आकडा ३६ होता. मग त्याने तो टायर रिमवरून उतरवून आतून हात फिरवला आणि हात माझ्यासमोर धरला. हातावर रबराचा काळा भुगा होता. “हवा कमी ठेवून चालवलं की टायर आतून असा दळला जातो,” तो म्हणाला. दळणाची भाषा मला निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

लग्नघरी आणि दवाखान्यात सर्व नातलगांनी ड्रायव्हरला दोष दिला. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी मला ते सहन होईना, आणि सर्वांसमक्ष सांगावे लागले, की त्याने मला आधीच सांगितले होते, ऐकले नाही ते मी. ज्या गृहस्थाने दोन कट्टे तांदूळ स्वतः मोजले, त्याने आठ जिवांचा भार ज्यावर ठेवला ती चाके मोजली नाहीत.

२. भार वाहते ती हवा

आपली समजूत अशी असते की गाडीचे ओझे टायरचे जाड रबर उचलते. वस्तुतः बहुतांश ओझे आतील कोंडलेली हवा उचलते. रबर आणि त्यातील धागे व तारा ही त्या हवेची पिशवी होय. गच्च भरलेले पोते ताठ उभे राहते, दुसऱ्या पोत्याचा भार घेते. अर्धवट भरलेले पोते कमरेत मोडते. बारदान दोन्हींचे एकच असते. फरक आतील मालाचा.

ही कल्पना जुनी आहे. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, पण ते मागे पडले. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेची धाव बनविली, आणि तेथून ती प्रचारात आली. टायरची घडण तेव्हापासून कितीतरी सुधारली. पण ओझे हवाच उचलते, हे मूळ तत्त्व तसेच आहे.

आता व्यापाऱ्यास शोभेल असा हिशेब मांडू. रिकामी गाडी १,००० किलो, पाच माणसे ३५० किलो, सामान ५० किलो. एकूण १,४०० किलो. चार चाकांत वाटले तर प्रत्येकी ३५० किलो. हवेचा दाब ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. ३५० ला २.३ ने भागले की सुमारे १५२ चौरस सेंटिमीटर येतात. हिशेब ढोबळ आहे. पण एक चाक रस्त्याला टेकते ती जागा पोस्टकार्डाहून थोडी मोठी, इतकीच असते हे त्यावरून कळते. अशा चार पोस्टकार्डांवर आपले कुटुंब धावत असते. वळणे, थांबणे, पावसात घसरू न देणे, ही सारी कामे तेवढ्याच जागेने करावयाची.

३. कमी आणि जास्त

हवा कमी असली म्हणजे टायर बसतो आणि त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर वाकतात व पुन्हा सरळ होतात. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरात सुमारे ५०० फेरे घेते. ऐंशीच्या वेगाने तासात ४०,००० फेरे. लोखंडी तार हातात धरून वरचेवर वाकविली तर ती तापते आणि शेवटी तुटते, हे आपण लहानपणी केलेले आहे. टायरचेही तसेच होते. बाजू तापतात, रबर व धागे यांची पकड सुटू लागते, आणि एखाद्या दुपारी तो फुटतो. फुटण्याचे कारण त्या क्षणात शोधू नये. ते मागील कित्येक महिन्यांत साठलेले असते.

कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो, मधली पट्टी तशीच राहते. सुकाणू जड लागते, वळणावर गाडी सैल वाटते. इंधनही जास्त जाते, पण तेथे अतिशयोक्ती नको. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही टायरांचा सरासरी दाब १ पौंडाने उतरला तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते. म्हणजे १० पौंड कमी असता शंभर लिटरमागे सुमारे दोन लिटर. टायर लवकर बाद होतो तो खर्च वेगळा, आणि मनगट मोडते त्याची तर नोंद कोणत्याच खात्यात करता येत नाही.

जास्त हवाही हितकारक नव्हे. टायर मधोमध फुगतो, मधलीच पट्टी झिजते, रस्त्याला टेकणारी जागा कमी होते. गाडी दणके देते, खड्ड्याच्या कडेचा मार टायरला अधिक बसतो, आणि ब्रेक लावता पकड कमी पडते. “लांब जायचंय, चार पौंड जास्तच मारा,” असे पंपावर सांगणारे गृहस्थ आपणांस नित्य भेटतात. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

या प्रश्नाचे गांभीर्य साऱ्या जगाला एका प्रकरणाने दाखविले. ९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतील बरेच फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या गाडीवर होते, आणि त्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. गाडीवाली कंपनी टायरला दोष देई. टायरवाली कंपनी म्हणे, गाडीवाल्यांनी २६ पौंड हा शिफारशीचा आकडाच कमी ठेवला. वाद पुष्कळ झाला, पण त्याच वर्षी तेथील काँग्रेसने कायदा केला, की हवा उतरल्याचा इशारा गाडीनेच चालकास द्यावा. पुढे २००७ पासून तेथे नव्या लहान गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची झाली.

आपल्याकडील पुष्कळ नव्या गाड्यांतही असा दिवा असतो. तो उपयुक्त आहे, परंतु अमेरिकी नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के उतरला म्हणजे तो लागणे बंधनकारक आहे. ३२ पौंडांची गाडी २४ वर येईपर्यंत तो गप्प राहू शकतो. दिवा ही शेवटची घंटा होय. रोजचा हिशेब आपण ठेवावयाचा.

४. आकडा कोठे पाहावा

प्रत्येक गाडीचा योग्य आकडा निराळा. तो चालकाच्या बाजूचे दार उघडले असता खांबावर चिकटविलेल्या पत्रिकेत, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत, आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. पुढील व मागील चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. बहुधा दोन ओळी असतात. एक नेहमीच्या भारासाठी, दुसरी पूर्ण भारासाठी. लग्नाला निघालेल्या कुटुंबाने दुसरी ओळ वाचावयाची असते. मी ती अपघातानंतर वाचली.

टायरच्या बाजूवरही एक मोठा आकडा कोरलेला असतो. तो टायरला सोसेल असा कमाल दाब होय. गाडीसाठी शिफारस नव्हे. त्या आकड्याइतकी हवा भरणे म्हणजे पोत्यात किती मावते ते पाहून गिऱ्हाइकाला माल देण्यासारखे आहे.

मापांचाही घोटाळा होतो. आपण ‘पौंड’ म्हणतो ते दर चौरस इंचावरील पौंड. काही पत्रिकांवर बार किंवा किलोपास्कल लिहिलेले असते. १ बार म्हणजे १४.५ पौंड, आणि १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. तेव्हा २३० किलोपास्कल, २.३ बार आणि सुमारे ३३ पौंड ही एकच गोष्ट. हा कोष्टक कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावा.

५. केव्हा आणि कसे मोजावे

हवा थंड टायरवर मोजावयाची. गाडी निदान तीन तास उभी असावी, अथवा दीड-दोन किलोमीटरहून अधिक चाललेली नसावी. चालल्यावर टायर तापतो, हवा प्रसरण पावते, आणि दाब तीन ते पाच पौंडांनी वाढतो. पत्रिकेवरील आकडा ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. म्हणून प्रवासात मध्येच मोजून “जास्त झाली” म्हणत हवा सोडू नये. वाटेत हवा भरणे भागच पडले, तर आकड्यापेक्षा तीन-चार पौंड वर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावे.

ऋतूचाही परिणाम होतो. तपमान सुमारे ६ अंश सेल्सियसने बदलले की दाब सुमारे १ पौंडाने बदलतो. मे महिन्यात ४० अंशांत अचूक भरलेला टायर डिसेंबरच्या १५ अंशांच्या पहाटे चार पौंडांनी कमी भरतो. हवा गळालेली नसतानाही.

शिवाय गळती आहेच. धान्यास जशी सुकीची घट, तशी टायरला हवेची घट. पंक्चर नसतानाही रबरातून हवा हळूहळू झिरपते आणि महिन्याला एक-दोन पौंड उतरते. सहा महिने कोणी पाहिले नाही, तर सहा ते बारा पौंड गेले समजावे. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. आजचे टायर योग्य हवेवरही खाली किंचित फुगलेले दिसतात, आणि दहा पौंड कमी असता तसेच दिसतात. लाथ मारून किंवा पान्याने ठोकून अंदाज घेण्याची पद्धत तर तराजू असताना मुठीने धान्य जोखण्यासारखी आहे. स्वतःचे गेज घ्यावे; काही शे रुपयांत चांगले मिळते. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, पण तेथील गेज दिवसभर आदळआपट सोसते. आपला काटा आपण वेळोवेळी तपासून घेतो. त्याच न्यायाने पंपावर भरलेली हवा घरच्या गेजवर पडताळावी. मोजून झाल्यावर व्हॉल्व्हची टोपी परत बसवावी. ती धूळ व ओल आत जाऊ देत नाही. आणि पाचवे चाक, स्टेपनी, विसरू नये. जिची आठवण संकटातच होते, तिचीच हवा बहुधा गेलेली असते.

६. काही गैरसमज

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असे आपल्याकडे पुष्कळांचे मत आहे. वर सांगितले त्यावरून ते उलटे आहे हे ध्यानात येईल. कमी हवेनेच टायर अधिक तापतो. त्यात मेचे ऊन म्हणजे चुलीवरच्या भांड्याखाली आणखी एक लाकूड.

नायट्रोजनविषयीही विचारणा होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि कोरडा असतो, एवढा त्याचा गुण. तो भरला म्हणून मोजणे टळत नाही. नायट्रोजन मिळाला नाही तर साधी हवा भरावी; दोन्ही एकत्र झाल्याने काही बिघडत नाही.

७. मालाची वाहने

टेंपो व ट्रक यांची पत्रिका वेगळी, दाब मोटारीपेक्षा बराच अधिक. टायरवर कोरलेला भारांक म्हणजे तो किती ओझे वाहील याची खूण. उदाहरणार्थ ८२ या भारांकाचा अर्थ ४७५ किलो. परंतु तो करार हवा पुरेशी असेल तरच लागू. हवा कमी करून तेवढेच पोते चढविले, तर आपण टायरवर अतिभारच घातला. मागे जोडचाके असतील तर आतील चाक अवश्य मोजावे. त्याची हवा गेली तरी बाहेरून दिसत नाही, आणि त्याचा सारा भार शेजारच्यावर पडतो. चोर्ला घाटातून गोव्याकडे माल पाठविणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी.

दाब बरोबर असूनही टायर जुना व गुळगुळीत असेल तर उपयोग नाही. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. बाजूवरील चौकटीतील चार आकडे बनावटीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. धान्य घेताना हंगाम विचारतो, तसा टायर घेताना हा आकडा वाचावा.

८. टायरची वही

शेवटी, आमच्या घरी चालू असलेली एक साधी रीत सांगतो. प्रत्येक वाहनासाठी वहीची दोन पाने राखली आहेत. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी गाडी हलण्यापूर्वी, आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, पाचही चाके मोजून आकडे तारखेसह लिहावयाचे. वही कशास, असे कोणी विचारील. एकदा तीन चाके एकेका पौंडाने उतरलेली दिसली आणि चौथे पाच पौंडांनी. पहिल्या तिघांची ती नैसर्गिक घट; चौथ्यात एक बारीक खिळा निघाला. नुसती हवा भरून मोकळे झालो असतो, तर तो खिळा आम्हांस घाटात भेटला असता. मागच्या शिलकेशी आजची शिल्लक ताडून पाहावी, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

इतके करूनही टायर फुटलाच, तर ब्रेक एकदम दाबू नये. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू उचलावा, आणि वेग आपोआप कमी झाल्यावर कडेला घ्यावे. आमच्या ड्रायव्हरने हेच केले, म्हणून हा लेख लिहावयास मी उरलो.

तो आजही आमच्याकडेच आहे. आमच्या वहीतील आकडे तोच लिहितो, मी फक्त सही करतो. ज्या नातवाच्या कपाळावर सहा टाक्यांची खूण आहे, तो रविवारी गेज हातात धरून मोठ्याने आकडे वाचतो. पत्नीचे मनगट थंडीत अजून दुखते. ती काही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून घरात एक नियम झाला आहे. वाहनाविषयी नोकर-चाकर, मूल, कोणीही शंका काढली, तर वही मिटावी, उठावे आणि जाऊन पाहावे. त्यास पाच मिनिटे लागतात.

माझी सर्व सदस्य बंधूंस विनंती आहे, की हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वी आपल्या गाडीच्या दारावरील ती छोटी पत्रिका एकदा वाचावी, आणि उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी चाके मोजावीत. लेखात काही न्यून राहिले असेल तर जाणकारांनी ते दाखवून द्यावे.